सतरा की पाच? भूमितीच्या एका चाचणीचं प्रकरण

आठवीतल्या एका बधिर मुलीला भूमितीच्या घटक चाचणीत २० पैकी १७ गुण मिळाले. पंधरा दिवसांनी त्याच धड्यांवर, त्याच नमुन्याची दुसरी चाचणी झाली. तिच्यात ५ मिळाले. पहिल्या वेळी प्रश्न मी तिला सांकेतिक भाषेत करून दाखवले होते, दुसऱ्या वेळी मला वर्गाबाहेर बसवलं होतं. मधले १२ गुण गेले कुठे, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. शाळेत इंटरप्रिटरचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला असे गुण येत असणार. पण चाचणी सहसा दुसऱ्यांदा घेतली जात नाही, त्यामुळे ते उघडे पडत नाहीत.

मुलगी किंवा शाळा ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. तिला इथे नुसतं 'ती' म्हणते आणि गणिताच्या शिक्षकांना 'सर'.

ती, सर आणि मी

तिला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी ९० डेसिबलच्या आतलं काहीच कळत नाही, म्हणजे शेजारी बसून कोणी ओरडलं तरी हाती काही लागत नाही. घरात बाकी सगळे ऐकणारे. यात वेगळं काही नाही, दहातली नऊ किंवा त्याहून जास्त बधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटीच जन्मतात. वेगळं हे की पहिली पुरती भाषा तिला सातव्या वर्षी मिळाली. बधिर मुलांच्या शाळेत गेल्यावर ती खुणा शिकली, त्याही शिक्षकांकडून कमी आणि मधल्या सुट्टीत मोठ्या मुलींकडून जास्त.

शिक्षकांकडून कमी का, याचं कारण जुनं आहे. १८८० साली मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि बधिर मुलांना बोलण्यातूनच शिकवावं, खुणांतून नको, असे ठराव तिने केले. त्यानंतर देशोदेशी वर्गातून खुणा हद्दपार झाल्या. त्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. मधली १३० वर्षं अनेक शाळांत ही भाषा मधल्या सुट्टीतच जगली, आणि तिथलीच ती माझ्या विद्यार्थिनीपर्यंत पोचली.

('बधिर' हा शब्द मी मुद्दाम वापरते. दाखल्यावर 'कर्णबधिर' लिहिलेलं असतं. तो शब्द पुढे भलत्याच जागी येणार आहे.)

सहावीपासून ती सर्वसाधारण शाळेत आली. वर्गात चाळीसेक मुलं, त्यांत बधिर ती एकटी. माझं काम असं की सर जे बोलतात ते तिला खुणांत द्यायचं आणि ती जे खुणांत बोलते ते सरांना आवाजात द्यायचं. पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. हा नियम आमच्या व्यवसायात पाठ असतो. पण तो घडला कोर्ट, दवाखाना, सभा अशा ठिकाणी, मोठ्या माणसांसाठी. समोरचं मूल तेरा वर्षांचं असेल आणि ते विषय व भाषा दोन्ही एकाच वेळी शिकत असेल, तर तो नियम जागोजागी ताणला जातो. शिवाय सभेत दोन इंटरप्रिटर असतात आणि वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून उभे राहतात. शाळेत मी एकटीच असते, पहिल्या तासापासून शेवटच्यापर्यंत.

सर चांगले शिक्षक आहेत. फळ्यावर नुसत्या हाताने वर्तुळ काढतात आणि ते कंपासने काढल्यासारखं येतं. माझ्याशी वागणं पहिल्या दिवसापासून मोकळं. हे सांगायचं कारण, पुढे जे झालं त्यात खलनायक कोणी नाही.

बारापैकी बारा

चाचणी २० गुणांची होती. एकेका गुणाचे १२ पर्यायी प्रश्न आणि दोन-दोन गुणांची ४ गणितं. प्रश्नपत्रिका तिच्या हातात होती, पण प्रत्येक प्रश्न मी तिच्या बाकासमोर उभी राहून खुणांत सांगत होते. असंच ठरलेलं होतं. बाकीची मुलं आपापल्या गतीने लिहीत होती. ती माझ्याकडे बघायची, मग आकृतीकडे, मग उत्तराला गोल करायची. कुठे अडली नाही.

पेपर तपासून झाल्यावर सर आधी खूश होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शिक्षककक्षात बोलावलं.

"मॅडम, पर्यायी प्रश्नांत हिला बारापैकी बारा आहेत. वर्गात दुसऱ्या कोणालाच नाहीत."

"अभ्यास केला असेल तिने."

"असेल. पण गेल्या आठवड्यात फळ्याजवळ बोलावून हेच विचारलं, तेव्हा तिला संगत कोन दाखवता आला नव्हता." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही उत्तरं सांगितली असं मी म्हणत नाही."

माणूस असं म्हणतो तेव्हा तो तेच म्हणत असतो. मी म्हटलं, "सर, मी एकही उत्तर सांगितलेलं नाही." हे म्हणताना मला त्यात तीळभरही शंका नव्हती.

मुख्याध्यापकांनी मध्यममार्ग काढला. दुसरी चाचणी घ्यायची, इंटरप्रिटरशिवाय. मला ते पटलं नाही, पण विरोध केला असता तर संशय पक्का झाला असता. तिला हे मीच सांगायचं होतं. तिने शांतपणे बघून घेतलं आणि एकच विचारलं: 'मी कॉपी केली असं सरांना वाटतं का?' मी सरांकडे वळून तो प्रश्न आवाजात म्हटला. माझं काम तेच होतं. सर गडबडले आणि म्हणाले, "नाही, नाही, तसं नाही." तेही मी खुणांत केलं, गडबडीसकट.

पंधरा अंशांचा कोन

दुसऱ्या चाचणीत ५ गुण आले. पर्यायी प्रश्नांत ४, गणितांत १. चार पर्यायांचे बारा प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरीने ३ बरोबर येतात, म्हणजे त्या ४ गुणांना तसा काही अर्थ नव्हता.

वर्गातून बाहेर येताच तिने मला गाठलं. बाकावर बोटाने एक शब्द लिहिला: कर्ण. मग स्वतःच्या कानाला हात लावला, हवेत चौकोन काढला आणि भुवया उंचावल्या. चौकोनाचा आणि माझ्या कानाचा संबंध काय?

प्रश्न असा होता: 'समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना कोणत्या मापाच्या कोनात छेदतात?' 'कर्ण' हा शब्द तिने एकाच ठिकाणी वाचलेला होता, स्वतःच्या दाखल्यावर. कर्णबधिर म्हणजे काय, हे तिला कोणीतरी फोड करून सांगितलेलं होतं. ऐकणाऱ्या मुलाला कर्ण म्हणजे कान हे बहुधा सुचणारही नाही, कारण सरांच्या तोंडून वर्गात पन्नास वेळा 'हा कर्ण, तो कर्ण' ऐकलेलं असतं. तिनेही तो पन्नास वेळा 'पाहिला' होता, पण माझ्या खुणेत. कागदावरचा शब्द आणि ती खूण एकच आहेत, ही गाठ कोणी बांधूनच दिली नव्हती. मीही नाही.

पेपर सरांनी मला बघायला दिला, हा त्यांचा मोठेपणा. त्यातल्या एका गणितावर मी बराच वेळ थांबले. 'दोन कोटिकोनांपैकी एकाचे माप दुसऱ्याच्या दुपटीपेक्षा १५ अंशांनी जास्त आहे, तर लहान कोनाचे माप काढा.' एक कोन x धरला तर x आणि 2x + 15 यांची बेरीज ९०, म्हणून x म्हणजे २५. तिच्या उत्तराच्या जागी समीकरण नव्हतं. कोनमापकाने रेखीव काढलेला एक कोन होता, कंस घालून आत १५° लिहिलेला.

सरांनी त्यावर फुली मारली होती आणि त्यांच्या जागी मीही मारली असती. पण ते उत्तर वाचायला लागलं की त्यातली शिस्त दिसते. वाक्यातले तिला येणारे शब्द निवडून बघा: १५ अंश, लहान कोन, काढा. तिने पंधरा अंशांचा लहान कोन काढला.

हा 'काढा' मराठीत फार पाजी शब्द आहे. चित्र काढतात, फोटो काढतात, दात काढतात, दिवस काढतात, चूक काढतात, कर्ज काढतात, विषय काढतात आणि परीक्षेत x ची किंमतही काढतात. ऐकणारं मूल शाळेत यायच्या आधीच यातले निम्मे अर्थ कानांवरून उचलून आलेलं असतं. तिला हा शब्द छापील भेटला, तोही चित्रकलेच्या वहीत. छापील मराठी ही तिची दुसरी भाषा आहे, आणि कानाने शिकलेली पहिली भाषा हाताशी नसताना ती शिकायची आहे. 'दुपटीपेक्षा', 'पैकी', 'प्रत्येकी', 'असल्यास' असल्या शब्दांत अख्खं गणित लपलेलं असतं, आणि नेमके हेच शब्द तिच्या नजरेतून निसटतात.

मी तो पेपर घेऊन सरांकडे गेले. जरा ताठच होते. म्हटलं, "या चाचणीत भूमिती मोजलेली नाही, मराठी मोजली आहे."

सरांनी पंधरा अंशांचा कोन पुन्हा पाहिला. "पटतंय," म्हणाले. मग पुढे: "आणि पहिल्या चाचणीत काय मोजलं?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, फक्त मी ते उघडून बघितलेलं नव्हतं.

आवाज बंद करून

माझं काम तपासता यावं म्हणून अधूनमधून मी स्वतःचं चित्रण करते. शाळेची आणि पालकांची परवानगी आहे, कॅमेरा फक्त माझ्याकडे असतो. पहिल्या चाचणीचं चित्रण फोनमध्ये होतं.

माझा एक सहकारी जन्मतः बधिर आहे. इंटरप्रिटरांना सांकेतिक भाषा शिकवतो आणि माझ्या खुणांतल्या चुका न लाजता सांगतो. गणिताशी त्याचं सख्य शाळेतच संपलं. मी त्याला फक्त पर्यायांचा कागद दिला, म्हणजे आकृत्या आणि अ, ब, क, ड. प्रश्न छापलेलेच नव्हते. म्हटलं, चित्रण बघ आणि उत्तरांना गोल कर. आठवत नसेल तर अंदाजाने कर.

त्याने बारापैकी १० बरोबर केले. मग माझ्याकडे बघून खूण केली: 'गणित फार सोपं झालंय हल्ली.'

आम्ही चित्रण पुन्हा लावलं, एकेका प्रश्नावर थांबवत. 'खालीलपैकी समलंब चौकोन कोणता?' या प्रश्नात मी हवेत समलंब चौकोनच काढला होता, वरची बाजू आखूड, खालची लांब. समोरच्या चार आकृत्यांतून तोच आकार उचलायला भूमिती कशाला हवी? लघुकोनासाठी दोन बोटं जवळ आणलेली. 'केंद्रातून जाणाऱ्या जीवेला काय म्हणतात' हे सांगताना बोट वर्तुळाच्या मधोमध आरपार गेलेलं, आणि व्यासाची माझी खूण नेमकी तीच. सगळ्यांत वाईट म्हणजे समभुज चौकोनाच्या कर्णांचा प्रश्न, जो पहिल्या चाचणीतही जवळपास याच शब्दांत होता. 'कर्ण परस्परांना छेदतात' हे म्हणताना माझे दोन्ही हात एकमेकांवर आडवे आले होते, स्वच्छ काटकोनात. कोनाचं माप विचारता विचारता मी ते दाखवून मोकळी झाले होते.

म्हणजे हा एकच प्रश्न एकदा माझ्या हातांनी सोडवला आणि एकदा तिच्या दाखल्याने बिघडवला. तिला तो येतो की नाही, हे दोन्ही वेळा कळलं नाही.

हे माझ्या लक्षात का आलं नाही, याचा मी नंतर विचार केला. आमच्या प्रशिक्षणात खुणा म्हणजे चित्रं नव्हेत हे मनावर ठसवलेलं असतं, आणि ते खरंच आहे. विल्यम स्टोको या भाषा-अभ्यासकाने १९६० साली दाखवून दिलं की प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा घटकांनी बनते, जसा बोललेला शब्द ध्वनींनी बनतो. त्याआधी या भाषेला भाषा मानायलाही फारसं कोणी तयार नव्हतं. त्यामुळे कोणी 'हे काय, हातवारे करतात' म्हटलं की आम्ही उसळतो. खुणेतलं चित्र न बघायची सवय मी इतकी लावून घेतली होती की जिथे विषयच आकारांचा आहे, तिथेही मला ते दिसेना. 'इतिहास' किंवा 'लोकशाही' या खुणेतून उत्तर फुटायची भीती फारशी नसते. भूमितीत पावलोपावली असते.

पण दहापैकी सातच उत्तरं हातांनी फोडली होती. उरलेल्या तिन्हींचं काय, असं विचारल्यावर सहकाऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे बोट केलं. चारही पर्याय मी सारखेच दाखवत होते असं मला वाटत होतं. चित्रणात दिसलं की बरोबर पर्यायावर हात किंचित रेंगाळतो आणि तो दाखवून झाला की खांदे सैल पडतात. सांकेतिक भाषेत चेहरा हा व्याकरणाचा भाग असतो. बऱ्याच सांकेतिक भाषांत हो-नाही प्रश्नाला भुवया वर जातात, नकाराला मान हलते. बधिर मूल बोलणाऱ्याच्या हातांपेक्षा चेहऱ्यावर जास्त नजर ठेवून असतं. तिथे माझे सैल पडलेले खांदे म्हणजे जवळजवळ वाक्यच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. टापा मोजून उत्तर द्यायचा. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने उलगडून दाखवलं की घोडा विचारणाऱ्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल टिपून टाप थांबवतो. मालक लबाड नव्हता, आपण काही सुचवतोय हे त्याला माहीतच नव्हतं. ही तुलना मुलीची घोड्याशी नाही. माझी मालकाशी आहे.

सरांना सांगणं

इथे एक पेच होता. वर्गात काय घडतं ते बाहेर न बोलणं हा आमचा नियम. पण इथे गुपित तिचं नव्हतं, चूक माझी होती आणि तिच्यावर कॉपीची सावली पडलेली होती. आधी तिला सांगितलं. चित्रण दाखवलं. ती कर्णांच्या प्रश्नाशी आल्यावर हसायला लागली, मग म्हणाली, 'मला वाटलं तू मुद्दाम करतेस.' मुद्दाम करत असेन तरी ती काय करणार होती? उत्तर समोर आलं, तिने घेतलं.

मग सरांना. 'मी एकही उत्तर सांगितलेलं नाही' हे वाक्य मागे घ्यायला जितकं जड गेलं, तितकं नंतरचं काही गेलं नाही. सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही परीक्षेत काय करायचं, याचा काही नियम असेल ना?"

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात, कलम २४ मध्ये, शिक्षणात सांकेतिक भाषा आणि गरजेनुसार सोयी यांची जबाबदारी करारात सामील देशांवर टाकलेली आहे. मी शाळेत उभी आहे ती तशाच हक्काच्या बळावर. पण 'कर्ण' ही खूण काटकोनात करावी की तिरपी, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. ते सर, माझा सहकारी आणि मी, आम्हा तिघांनाच ठरवायचं होतं.

सरांचं पहिलं मत सरळ होतं: उत्तर दाखवणाऱ्या खुणा बंद. माझ्या सहकाऱ्याने त्यावर आक्षेप घेतला आणि तो मला अजूनही अर्धा पटतो. तो म्हणाला (मी आवाज दिला), ऐकणाऱ्या मुलांना 'त्रिकोण' हा शब्द वाचूनच तीन कोन कळतात. 'समद्विभुज' म्हटलं की दोन भुजा समान, हे शब्दातच लिहिलेलं आहे. 'काटकोन', 'समांतरभुज', सगळे शब्द उत्तर फोडणारेच आहेत, ज्याला मराठी येते त्याच्यासाठी. मग फक्त तिच्याच भाषेतले इशारे का काढून घ्यायचे? सर याला उत्तर देऊ शकले नाहीत. मीही नाही.

शेवटी आम्ही प्रश्न कशासाठी विचारलाय ते बघायचं ठरवलं. संज्ञा आणि आकृती किंवा संज्ञा आणि व्याख्या यांची जोडी जुळवणं हाच प्रश्न असेल, तर ती संज्ञा मी खुणेत करायची नाही, कागदावरच्या छापील शब्दावर बोट ठेवायचं. संज्ञा नुसती वाटेत येत असेल आणि खरा प्रश्न पुढे असेल, तर मोकळेपणाने खूण करायची, मात्र आकृतीतलं प्रमाण आणि कोन हातांत उमटता कामा नयेत. कर्णांसाठी आता मी आकृतीवरच बोट फिरवते. पर्याय मी दाखवायचेच नाहीत, ते तिच्यासमोर आहेत. प्रश्नपत्रिका मला अर्धा तास आधी, सरांसमोर बसून वाचायला मिळायची. आणि 'काढा'च्या जागी सर 'शोधा' किंवा 'रेखाटा' लिहितील. हा शेवटचा बदल त्यांनी सगळ्या वर्गासाठीच केला.

या अटीला एक किंमत होती. छापील शब्दावर बोट ठेवायचं तर तो शब्द तिला यायला हवा. म्हणून तीन आठवडे रोज शेवटची दहा मिनिटं फक्त त्यासाठी गेली. वहीच्या पानावर डावीकडे छापील शब्द, मधे आकृती, उजवीकडे व्याख्या, आणि खूण हाताने. यात मी इंटरप्रिटर राहिले नव्हते, शिकवत होते, हे मला माहीत होतं. सर शेजारी बसले तरच हे करायचं, अशी अट मी घातली आणि त्यांनी पाळली. दुसऱ्या आठवड्यात व्याख्या तेच सांगू लागले आणि मी माझ्या जागी परत गेले.

तिसरी चाचणी

१२ गुण आले. पर्यायींत ७, गणितांत ५.

गणितांतले ५ पहिल्या चाचणीइतकेच होते, आणि या प्रकरणातला मला सगळ्यांत भरवशाचा वाटणारा आकडा तोच आहे. आकडेमोड माझ्या हातांतून फुटण्यासारखी नव्हती, प्रश्न कळला की ती सोडवत होती.

पर्यायींतल्या पाच चुकांपैकी तीन एकाच धड्यातल्या निघाल्या: समांतर रेषा आणि छेदिका. संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन. फळ्याजवळ जे अडलं होतं तेच. हे तिला खरंच येत नव्हतं, आणि का येत नव्हतं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्या दिवशीचा वर्ग मला आठवत होता. सर रंगीत खडूने म्हणत होते, "हा कोन आणि हा कोन, ही एक जोडी. आता हा आणि हा." मी दोन-चार सेकंद मागून 'हा', 'हा' करत फळ्याकडे बोट दाखवत होते. तिने माझ्या बोटावरून नजर फळ्याकडे नेईपर्यंत सरांचा खडू तिसऱ्या कोनावर गेलेला असायचा. ऐकणारं मूल कानाने 'हा' ऐकतं आणि डोळ्याने कोन बघतं, दोन्ही एकाच क्षणी. तिला दोन्हीसाठी तेच डोळे. माझ्याकडे बघितलं तर फळा सुटतो, फळ्याकडे बघितलं तर वाक्य सुटतं. मी त्या तासाला एकही शब्द गाळला नव्हता आणि तिच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

सरांनी तो धडा पुन्हा घेतला. कोनांना आकडे दिले, १ ते ८. आधी वाक्य, मग मी पुरं करेपर्यंत थांबणं, मग खडू. पहिल्या दिवशी ते थांबणं त्यांना फार लांब वाटलं. मनात 'एक, दोन, तीन' मोजतो, असं म्हणाले. मागच्या बाकावरच्या दोन मुलांनी नंतर सांगितलं की त्यांनाही हा धडा आत्ताच कळला.

राहिल्या दोन चुका. त्यांतली एक तिने मान्य केली नाही.

प्रश्न होता: 'खालीलपैकी समांतरभुज चौकोन कोणते?' आकृत्या चार. एक नेहमीचा तिरपा समांतरभुज, एक आयत, एक समभुज चौकोन, एक समलंब. पहिल्या चाचणीत असाच प्रश्न होता. तेव्हा मी हात तिरपे करून खूण केली आणि तिने तिरपी आकृती निवडली, सरांच्या उत्तरसूचीप्रमाणे बरोबर. या वेळी मी फक्त छापील शब्दावर बोट ठेवलं होतं. तिने पहिल्या तिन्हींना गोल केले होते. सरांनी चूक दिली होती.

ती पेपर घेऊन थेट सरांच्या टेबलापाशी गेली. मी मागोमाग. तिने वही उघडली, उजवीकडच्या व्याख्येवर बोट ठेवलं: संमुख भुजांच्या दोन्ही जोड्या समांतर असणारा चौकोन. मग आयताच्या दोन बाजू दाखवल्या, उरलेल्या दोन दाखवल्या. तसंच समभुज चौकोनाचं. मग सरांकडे बघत राहिली. मला आवाज द्यावाच लागला नाही.

सरांनी उत्तरपत्रिका पुढे ओढली, पाहिली, आणि लाल पेनने १२ चे १३ केले. पहिल्या चाचणीतला तो प्रश्न सगळ्या वर्गाने तिरप्या आकृतीवर गोल करून सोडवला होता आणि सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले होते. त्याचं काय करायचं, हे ते बराच वेळ स्वतःशी पुटपुटत होते.

परत जागेवर येताना तिने मला सांगितलं की माझी समांतरभुजाची खूण चूक आहे. तिरपेपणा त्यात कशाला? तिने स्वतःच एक करून दाखवली: दोन्ही तळहात समोरासमोर उभे, मग तेच वळवून आडवे. दोन जोड्या, दोन्ही समांतर, बस. सहकाऱ्याला विचारलं, तो म्हणाला वर्गापुरती चालेल, पुढचं पुढे बघू. आता वर्गात आम्ही तीच वापरतो. सरही करतात. हातात खडू असल्यामुळे त्यांची अजून थोडी तिरपी येते.